वॉशिंग मशीनकडे आलेले पाहुणे

वॉशिंग मशीन पुन्हा बोललं. "अनोळखी विनंती. नाकारली आहे," असं गोड आवाजात सांगून ते चादरी घुसळू लागलं.

"बघ, आणखी कोणीतरी आलं होतं," स्वयंपाकघरातून धनंजय उकिडवे म्हणाला. यंत्राचा कान बसवल्यापासून त्याला टाचणी पडलेलीही ऐकू येई, आणि त्याचा त्याला भारी अभिमान होता.

"सर्व्हिसिंगचा करार गळ्यात मारायला बघतात मेले," त्याची बायको मेधा म्हणाली. तिने मशीनचा आवाज कायमचा बंद करून टाकला आणि ती संगणकासमोर येऊन बसली. मूर्ख यंत्रांशी आणि मूर्ख माणसांशी फार बोलायचं नाही, हा तिचा मिरजेच्या पॉलिटेक्निकमध्ये नेटवर्किंग शिकवत होती तेव्हापासूनचा नियम होता. दुर्दैवाने जगात दोहोंचा सुळसुळाट होता.

आज मात्र तिला बोलणं भाग होतं. धनंजयच्या कवटीत बसवलेला विद्युतकर्ण वर्षातून एकदा नवी जुळणी मागत असे. आवाज ओळखण्याच्या मेंदूच्या सवयी हळूहळू सरकत जातात, त्याप्रमाणे कानाचं गणितही बदलावं लागतं. जुळणी वेळेवर मिळाली नाही, तर मेंदूला इजा नको म्हणून कान स्वतःला मिटून घेई. मिटलेला कान पुन्हा उघडणारी कंपनी दिवाळं काढून केव्हाच बुडाली होती. मग कान बसवलेल्या लोकांनीच जुळणीची फाईल तयार करायला घेतली. ती एका जागी ठेवली की कंपनीचे हक्क विकत घेणाऱ्यांचे वकील ती पुसून टाकत. म्हणून तिचे तुकडे गावोगावच्या घरगुती संगणकांत विखरून ठेवले होते, आणि लागेल त्याने ते थेट एकमेकांकडून घ्यायचे होते.

धनंजयच्या कानाची मुदत आज संध्याकाळी संपत होती. सगळे तुकडे आले होते, एक सोडून. तो ज्यांच्याकडे होता त्यांच्यापैकी आज एकच संगणक चालू होता, अंबाजोगाईच्या बोधनकर वकिलांचा. तिथून काही म्हणता काही येत नव्हतं.

"फुकटे लेकाचे," मेधा पुटपुटली. घ्यायला सगळे पुढे आणि द्यायची वेळ आली की दारं बंद. उन्हाळ्यात कारंज्याच्या छाया गुल्हाने अशाच फोनवर रडत बसल्या होत्या. "मॅडम, गेल्या जुळणीचा शेवटचा तुकडा तुमच्यापाशीच दिसते, पन येऊनच नाही राह्यला. पेनड्राइव्हवर टाकून धाडता का?" मेधाने साफ नकार दिला होता. एकाला घरपोच दिलं की उद्या सगळे हात पसरणार. "माझं दार उघडं आहे, गुल्हाने. तुम्हाला चार बटणं नीट दाबता येत नसतील, तर तो दोष माझा नाही." पुढे गुल्हान्यांचा कान मिटला असं कळलं. मेधाला वाईट वाटलं. पण अडाणीपणा अंगाशी येतोच, असं तिने त्या दिवशी जेवताना धनंजयला ऐकवलंही होतं.

तिने बोधनकरांना फोन लावला. "वकीलसाहेब, दार उघडलंत का?"

"कसलं दार?"

"पोर्ट फॉरवर्डिंग. किती वेळा सांगायचं?"

"हे बघा मॅडम, आमच्या भाच्याचं म्हणणं असं, की बाहेरच्याला राउटरमधून आत घेणं धोक्याचं आहे."

"काय करतो भाचा?"

"मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे त्याचं."

"वा! मग प्रश्नच मिटला." मेधाने डोळे मिटून श्वास घेतला. "आता नीट ऐका. राउटर म्हणजे तुमच्या घराचा वॉचमन. बोलावल्याशिवाय कोणी आलं की तो हाकलून देतो. त्याला एवढंच सांगून ठेवायचं, की अमुक नंबरचं दार विचारत कोणी आलं तर त्याला अमक्या खोलीत पाठव. खोली म्हणजे तुमच्या संगणकाचा घरातला पत्ता. दोन्हीकडचे वॉचमन हाकलणारे असले तर भेट कशी होणार? दोघांपैकी एकाचं दार उघडं असलं तरी पुरतं. शाळकरी पोरालाही कळेल हे. तुमचं बंद असलं, तरी तुमचा संगणक आपणहून माझ्या दाराशी..."

ती वाक्याच्या मध्येच थांबली.

"हॅलो? मॅडम?"

बोधनकरांचं दार बंद होतं, हे उघड होतं. मग त्यांचा संगणक तिच्याकडे यायला हवा होता. तो का आला नव्हता?

मेधाने फोन ठेवला आणि कितीतरी महिन्यांनी स्वतःच्या राउटरचं पान उघडलं. दाराचा नंबर बरोबर होता. वॉचमनला दिलेली सूचना बरोबर होती. खोली मात्र चुकली होती. गेल्या हिवाळ्यात घरी नवा इन्व्हर्टर बसवला, तेव्हा राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता आणि त्याने घरातल्या यंत्रांना पत्ते नव्याने वाटले होते. पत्ता आधी कायमचा राखून ठेवायचा असतो, हे ती विद्यार्थ्यांना अगदी सुरुवातीला शिकवत असे. स्वतःच्या घरी तिने ते केलं नव्हतं. असल्या गोष्टी नवशिक्यांनी करायच्या, असं तिला वाटे.

तिच्या संगणकाचा जुना पत्ता आता वॉशिंग मशीनकडे होता.

महिनोन्‌महिने तिच्या दारात आलेल्या प्रत्येकाला वॉशिंग मशीनने सौजन्याने परत पाठवलं होतं. त्याने तिला तसं सांगितलंही होतं, आणि मघाशी तिने त्याचं तोंडच बंद केलं होतं.

पत्ता दुरुस्त करायला क्षणभरही लागला नाही. लगेच बोधनकरांकडचा तुकडा सरसर येऊन पडला. जुळणी पूर्ण झाली, ती कानात उतरली आणि धनंजय हसत म्हणाला, "आहाहा! नळाचं ठिबकणं पण काय सुरेल झालंय!"

मेधाचं तिकडे लक्ष नव्हतं. उघड्या दारातून आता एकेक संगणक आत येत होता. त्यात एक कारंज्याचा होता. थांब, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, त्यामुळे तो उन्हाळ्यापासून तोच जुना तुकडा मागत रोज येत होता. आज त्याला तो मिळाला. छाया गुल्हाने या नावापुढे 'पूर्ण' असं उमटलं.

मेधाने घाईघाईने फोन उचलला, नंबर काढला, आणि न लावताच फोन परत ठेवला. तिकडे ऐकणारं कोणी उरलं नव्हतं. आपण किती मूर्ख आहोत, असं तिच्या मनात आलं, आणि या वेळी ते दुसऱ्या कोणाबद्दल नव्हतं.

"काय गं," धनंजयने आतून विचारलं, "मघाशी मशीनकडे कोण आलं होतं, ते कळलं का?"