ताईची रांग

आमच्या कामात अश्रू वाचावे लागतात. यात काव्य काही नाही, ती पद्धतच आहे. लहान लहान खळग्यांची प्लास्टिकची प्लेट असते. प्रत्येक खळग्यात कुणाच्या तरी रक्तातलं सीरम, त्यात फ्लूचा विषाणू आणि वरून कोंबडीच्या रक्तातल्या लाल पेशी. सीरमची त्या विषाणूशी ओळख नसेल, तर विषाणू पेशींना धरून ठेवतो आणि साय धरावी तसा तळाला गुलाबी थर पसरतो. ओळख असेल, तर विषाणूचे हात बांधले जातात आणि पेशी तळाशी सुटून लाल ठिपका होऊन बसतात. मग प्लेट तिरकी धरायची. ठिपका हळूच ओघळतो. त्याला अश्रू म्हणतात. अश्रू आला, म्हणजे ओळख पटली.

हे मला ताईनं शिकवलं. याच प्रयोगशाळेत, याच खिडकीपाशी ती बसायची. मी प्लेट झटक्यात सरळ केली की म्हणायची, "घोड्यावर बसून आलायस का रे? ओघळू दे की त्याला."

आमचे वडील गाऊन प्रवचन करायचे. त्यांचा एक दृष्टांत ताईला फार आवडायचा. एक मुलगा रोज नवं सोंग घेऊन घरी यायचा. कधी शिपाई, कधी साधू, कधी सावकार. सगळी गल्ली फसायची. आई मात्र आतूनच, पाठमोरी, म्हणायची, "आलास? दार लोटून घे." तिला पावलं कळायची. इथपर्यंत आलं की वडील टाळी वाजवणं थांबवत.

ताई म्हणायची, "आपली लस त्या गल्लीसारखी आहे बघ. गेल्या वर्षीचं सोंग ओळखते, यंदाचं आलं की फसते. पावलं ओळखणारी लस पाहिजे."

सहा वर्षांपूर्वी ताई गेली. दुपारी जेवून पडली, ती उठली नाही. हृदय, असं डॉक्टर म्हणाले.

आमच्याकडे कर्मचारीही दरवर्षी तपासणीसाठी रक्त देतात. तिच्या शेवटच्या रक्ताची एक नळी खोल फ्रीझरमध्ये राहिली होती. दरवर्षी नवा विषाणू आला की मी प्लेटची शेवटची रांग ताईची ठेवायचो. कामाला तिची गरज नव्हती. मॅडमना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, ते दिसायचं. त्या चालवून घ्यायच्या. ती रांग दरवर्षी गुलाबीच राहायची. ते बरोबरच होतं. नळीतलं रक्त नवीन काही शिकत नाही.

यंदा नव्या लशीची चाचणी होती. ती किती सोंगं ओळखते हे पाहायला मागल्या सगळ्या वर्षांचे विषाणू एकदम बाहेर काढले. सवयीनं मी ताईची रांग लावली. प्लेट तिरकी केली.

रांग ओघळली.

"मिसळलं असेल काहीतरी," मॅडम म्हणाल्या. "परत कर."

मी नव्या पेशी घेतल्या, नवी प्लेट घेतली. पुन्हा अश्रू. सगळ्या विषाणूंना नव्हे, पण बहुतेकांना. ज्यांना त्या त्या वर्षी हीच नळी ओळखत नव्हती, त्यांना.

मॅडमनी चष्मा कपाळावर ढकलला. "अरे, हे सोनं आहे! इतकी रुंद ओळख? उरलेलं सगळं मोठ्या प्रयोगशाळेत पाठवू. यातली नेमकी अँटिबॉडी सापडली, तर लशीला वाट मिळेल."

"थोडं ठेवू या?"

"थोडं ठेवून काय करणार? उशाशी घेऊन झोपणार?" म्हणाल्या आणि लगेच खाली बघू लागल्या. "तसं नाही म्हणायचं मला."

मी सोमवारपर्यंत मुदत मागितली. जगात ताईचं म्हणून तेवढंच उरलं होतं, करंगळीच्या पेरापेक्षाही कमी.

घरी जाताना मी न ओघळलेल्या खळग्यांचा विचार करत होतो. एक विषाणू त्या हिवाळ्यातला होता, जेव्हा सगळी इमारत अंथरुणाला खिळली आणि मी एकटा धडधाकट हिंडत होतो. दुसरा आमच्या शहरात फिरकलाच नव्हता. बाकीचे सगळे मला होऊन गेले होते.

ताई फक्त माझी दुखणी ओळखत होती.

लहानपणी मला ताप आला की ती माझ्या प्याल्यातलं उष्टं पाणी पिऊन टाकायची. आई ओरडायची, "अगं, तुलाही होईल!" ताई तोंड पुसत म्हणायची, "होऊ दे. मला आला की याचा जाईल." आणि खरंच तिला यायचा.

मुदत मागितली त्याच आठवड्यात मी तापानं आजारी पडलो. पडण्याआधी स्वतःच्या घशाचा स्वॅब आणि थोडं रक्त देऊन ठेवलं. विषाणू कोंबडीच्या अंड्यांत वाढवणारी आमची सहकारी, तिला सगळे अंडेवालीच म्हणतात, फोनवर हसली. "तुझा विषाणू भारी जोमदार आहे हं. तुझ्यापेक्षा तरी कामसू."

बरा होऊन कामावर गेलो, तेव्हा सोमवार उलटून गेला होता आणि विषाणू तयार होता. यंदाचं अगदी नवं सोंग. मी प्लेट लावली. आजाराच्या पहिल्या दिवसाचं माझं स्वतःचं रक्त: गुलाबी. नवी लस घेतलेल्यांचं: गुलाबी. शेवटच्या रांगेत ताई. सीरम पुढे पुढे पातळ करत नेतात, तशी ओळख पुसट होत जाते.

मी प्लेट तिरकी धरली.

शेवटच्या खळग्यापर्यंत अश्रू होते.

मी घाई केली नाही. ओघळू दिले.

मग नळी मॅडमच्या हातात दिली. "न्या."

"सगळं? नक्की?"

"नक्की. ती यात नाहीये."

मॅडमनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं, बाही वर कर. सगळ्यांची लस टोचून झाली, तूच राहिलायस."

"उद्या घेतो."

तो उद्या अजून आलेला नाही.

तापाच्या त्या दिवसांत उशाशी पाण्याचा प्याला असायचा. जाग आली की तो अर्धा झालेला दिसे. मीच प्यायलो असेन, असं तेव्हा वाटलं होतं. आता रोज झोपताना मी तो काठोकाठ भरून स्टुलावर ठेवतो. रोज सकाळी तसाच भरलेला असतो आणि तो मी बेसिनमध्ये ओततो.

आज सकाळी मला अगदी बरं वाटत होतं. घसा साफ, अंग हलकं, कपाळ थंड.

प्याला अर्धा होता.