हिमनगावर बसलेल्याला मारलेली हाक

बातमी आली तो दिवस जहाजावर मजेत गेला होता. देवमाशाची मादी पिल्लाला घेऊन जवळ आली होती. प्रवासी कॅमेरे सांभाळत या कठड्यावरून त्या कठड्यावर धावत होते, आणि "उजवीकडे बघा, उजवीकडे!" असं ओरडून आक्कालूचा घसा बसला होता. प्रवाशांना प्राणी दाखवणं हीच त्याची नोकरी. संध्याकाळी फोनला रेंज आली तसा ग्रीनलंडमधल्या त्याच्या गावाहून, इलुलिसाटहून, बहिणीचा, रेगिनेचा, फोन आला.

"आपला थोरला भाऊ हॅलिबट मासे धरायला गेला होता ना, त्याची होडी सापडली. उलटी. हिमनग पलटला म्हणतात."

"आणि थोरला?"

"तो नाही सापडला," म्हणून रेगिनेने फोन ठेवला.

हे पाविआकाका सांगत होता, शिकारीच्या झोपडीत, अंधार पडल्यावर, दोघा पुतण्यांना. आक्कालूबरोबर त्याने बरीच वर्षं सीलची शिकार केली होती.

"मग तो लगेच घरी नाही गेला?" धाकट्या सालिकने विचारलं.

"समुद्रावरून चालत जाणार होता का? गप कॉफी ओत."

जहाज सकाळी बंदराला लागणार होतं. रेगिनेचे दिवस भरले होते. आईने ठरवून टाकलं होतं, होणाऱ्या बाळाला थोरल्याचं नाव द्यायचं. नाव दिलं की गेलेला माणूस घरात परत येतो. आई त्या बाळालाच 'माझ्या लेका' म्हणणार होती. तिला त्याच्यावाचून दुसरं काही नको होतं. मात्र तोवर ते नाव कुणी उच्चारायचं नाही. नाव मोकळं असतं. जो हाक मारेल त्याच्याकडे जातं.

ती बावीस सप्टेंबरची रात्र. चंद्र नव्हता. आक्कालू उंच डेकवर बर्फाच्या पहाऱ्याला उभा राहिला. शेजारी टॉर्बेन, जहाजावरचा डॅनिश अधिकारी, सर्चलाइट फिरवत होता.

"जा रे, झोप जा. आज तुझे देवमासेसुद्धा झोपलेत."

"झोप कुठली येतेय."

टॉर्बेनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुन्हा दिवा फिरवला. मोठा हिमनग उजळला. त्याच्या पायथ्याशी, पाण्यालगत, कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं.

"सील आहे," टॉर्बेन म्हणाला.

हात हलत होते. पाण्यातून दोर ओढल्यासारखे. एकामागून एक… सावकाश.

"सील दोर ओढतं का?"

टॉर्बेनने दिवा तिथेच धरून ठेवला.

थोरला जिवंत असला तर? एवढंच आक्कालूच्या मनात आलं. रीत त्याला पाठ होती. आईचा चेहरा डोळ्यांसमोर होता. पण जिवंत असला तर…

त्याने हाक मारली. नावाने.

हात थांबले.

मान वळू लागली…

दिवा विझला. टॉर्बेनने विझवला नव्हता. पुन्हा लागला तेव्हा बर्फ कोरा होता. छोटी बोट उतरवून त्यांनी हिमनगाला वळसा घातला. काही नाही. माणूस टेकेल अशी जागासुद्धा नव्हती.

त्याच रात्री रेगिनेला मुलगा झाला. रडायचा थांबेना. आईने त्याच्या ओठांना पाणी लावलं, थोरल्याचं नाव घेतलं. आपलं नाव मिळालं की बाळ शांत होतं. हे आणखी किंचाळलं. शेवटी आजोबांचं नाव घेतलं, तेव्हा निजलं.

सकाळी आक्कालू दारात आला. आईने त्याला आत घेतलं, बसवलं.

"हाक मारलीस?"

त्याने मान डोलावली.

त्या हाकेबद्दल ती पुन्हा बोलली नाही. कधीच नाही.

"भास झाला असेल, काका," सालिक म्हणाला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता.

"असेल. पण त्या पहाटे, बंदरात शिरण्याआधी, आक्कालूने जहाजावरच्या आपल्या खोलीचं दार उघडलं. उंबऱ्याशी हॅलिबट मासा होता. ताजा. तोंडात गळ. कल्ले हलत होते… ती खोली पाण्यापासून पाच मजले वर."

सालिकने कॉफीचा कप खाली ठेवला.

"काका, त्या थोरल्याचं नाव काय होतं?"

पाविआने दिव्याची वात खाली केली. मग म्हणाला, "रेगिनेला पुढे मुलगी झाली. मग आणखी एक मुलगा. आईने पुन्हा पाणी लावून पाहिलं नाही. ते नाव अजून कुणालाच दिलेलं नाही."