जुन्या फरशीपासून

खोल्या पाच, दारं सात, खिडक्या नऊ. अंगणात एक बोअर, एक कडुनिंब. गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रांग, तिच्या अलीकडं कपाशी, कपाशीच्या अलीकडं कालवा. प्रियदर्शनीनं सगळं वहीत उतरवलं आणि कालव्यावर काट मारली.

"राहू द्या ना मॅडम," दलाल शाकीब म्हणाला. "अकोल्याच्या डॉक्टरसाहेबाले तेच तं पायजे. पानी, पहाड, शांती. बाकी वाघ पाहाले ते सेमाडोहाले जाईन."

"कालवा नको."

शाकीबनं चहा पिता पिता गावात कोणाला तरी विचारलं असावं. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही.

प्रियदर्शनीचा धाकटा भाऊ सुगत अकरा वर्षांपूर्वी, नऊ वर्षांचा असताना त्या कालव्यात बुडाला होता. वडील धर्मपालगुरुजी त्याच्या आधीच गेलेले. तेल्हाऱ्यापासून सात किलोमीटरवरच्या या घरात आता आई, सुंदराबाई, एकटी राहायची. जुलैत ती न्हाणीत घसरली आणि खांदा मोडून दुपारपर्यंत तिथंच पडून राहिली. तेव्हापासून तिचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता, डावा आधीपासूनच अधू. घर विकून आईला अकोल्याला, जठारपेठेतल्या आपल्या फ्लॅटमध्ये न्यायचं, एवढंच प्रियदर्शनीला हवं होतं. आई सही करत नव्हती.

फोटो काढण्यासाठी तिनं स्वयंपाकघराच्या चौकटीवरचं कॅलेंडर उतरवलं. मागं पेन्सिलीच्या रेघा होत्या.

त्या तिला माहीत होत्या. दर अशोक विजयादशमीला, विहारातून वंदना करून आलं की बाबा दोघांना पांढऱ्या कपड्यांतच या चौकटीला उभं करायचे, डोक्यावर पाटी आडवी धरायचे आणि रेघ मारायचे. डावीकडं तिच्या, उजवीकडं सुगतच्या. बाबा गेल्यावर पाटी आईकडं आली.

डावीकडच्या रेघा ती अकरावीला अकोल्याला गेली तिथं थांबल्या होत्या. उजवीकडच्या थांबल्या नव्हत्या. सुगत गेल्यानंतरच्या अकरा रेघा तिनं मोजल्या. शेवटच्या दोन एकावर एक आल्या होत्या.

"आई, या तू मारल्या?"

सुंदराबाई तूर निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मी काहून मारू? मी तं फकत पाटी धरतो."

"आणि रेघ?"

"रेघ तो सोता ओढते." तुरीतला खडा वेचून ती म्हणाली, "औंदा हात वर जात नाई व पिंके. कसं व्हईन, काय मालूम."

प्रियदर्शनी वजनमापं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करत होती. हाताला काम असलं की तिचं डोकं ताळ्यावर राहायचं. तिनं स्टीलचा टेप काढला. शेवटची रेघ जमिनीपासून १६८.२ सेंटिमीटरवर होती. मग तिनं सगळ्या रेघांमधली अंतरं मांडली. पोरगं वाढतं तशीच ती होती. तेरा-चौदाला उसळी, पुढं मंद, अठराच्या पुढं काही नाही.

फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. सहा वर्षांपूर्वी या खोलीत जुन्या शहाबादीवरच टाइल्स बसवल्या होत्या. कोठीच्या उंबऱ्याशी जुनी फरशी उघडी होती, तिथून तिनं फरक मोजला. ३.८ सेंटिमीटर, तिनं वहीत टिपलं. टाइल्सवर उभ्या राहिलेल्या माणसाची त्या वर्षीची रेघ तेवढी उचलली जायला हवी होती. ती उचलली गेली नव्हती. म्हणजे रेघ ज्याची होती, त्याचे पाय टाइल्सच्या खाली, जुन्या फरशीवर होते.

किंवा आई मागच्या वर्षीच्या रेघेवर अंदाजानं नवीन मारत होती. तिनं वहीत लिहिलं, 'आई, अंदाजानं.' आणि वही मिटली.

तिनं आईपुढं अट ठेवली. दसऱ्याला घर बंद ठेवायचं. रेघ उमटली तर घर विकायचं नाही, ती पुन्हा कधी विषय काढणार नाही. नाही उमटली तर सही.

सुंदराबाईनं चौकटीकडं पाहिलं. "चालते," ती म्हणाली. "पन कॅलेंडर संग घेजो."

दसऱ्याच्या दोन दिवस आधी प्रियदर्शनीनं सातही दारं आणि नऊही खिडक्या लावल्या, फटींवर कागदाच्या पट्ट्या डकवून त्यांवर सह्या केल्या. पाटी आतच राहिली. जठारपेठेत आल्यावर आईच्या हट्टापायी तिनं स्वतःच्या हातानं ते कॅलेंडर तिथल्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर टांगलं. चौकट पांढरी होती, गेल्या दिवाळीत रंगवलेली. तिनं नीट पाहिलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी गावी परतल्या; शाकीब आणि डॉक्टरही आपली गाडी घेऊन तिथं आले. घराच्या सगळ्या पट्ट्या शाबूत होत्या. चौकटीवर नवीन रेघ नव्हती.

प्रियदर्शनीनं दोनदा पाहिलं. ती ओट्याला टेकली.

सुंदराबाईनं चौकटीवरून तळहात फिरवला, खालपासून जिथवर पोचला तिथवर. मग ती बाहेर आली आणि शाकीबनं दाखवलं तिथं सही केली.

"मावशी, वाईट नोका वाटून घेऊ," शाकीब म्हणाला. "घर चांगल्या मानसाच्या हाती चाल्लं."

"वाईट कायचं, बापा. आता अठी कोनी नाई."

परतीच्या वाटेवर दोघीच होत्या, आई खुशीत होती. चोहोट्ट्याला तिनं भजी मागितली. तीन वाट्यांत वाढून घेतली.

चारला दोघी जठारपेठेत पोचल्या. सुंदराबाई चपला काढून सरळ स्वयंपाकघराशी गेली आणि कॅलेंडरकडं पाहत उभी राहिली.

"पाटी तर तिकडंच राहिली, आई," प्रियदर्शनी म्हणाली.

"आता काय पाटी लागते त्याले. मोठा झाला."

प्रियदर्शनीनं कॅलेंडर उचललं.

पेन्सिलीची एक रेघ होती.

आईचा हात कानाच्या वर जात नव्हता. जुन्या घरातली शेवटची रेघ टाइल्सपासून १६८.२ वर होती. त्याखालच्या जुन्या फरशीपर्यंतचे ३.८ आईला माहीत नव्हते. ते फक्त वहीत होते, आणि वही तिच्या पर्समध्ये.

तिनं टेप काढला. टोक जमिनीला टेकवलं. तीनदा मोजलं.

१७२.०. १७२.०. १७२.०.