दोन किलो वाळू

जत्रेच्या आदल्या सकाळी राखी एका घोड्यापुढे उकिडवी बसून त्याच्या पायाची नळी चाचपत होती, तेवढ्यात मागून आवाज आला, "काय हरपलं तुमचं तिथं?"

तिनं वर पाहिलं. उंच, उन्हानं रापलेला, हसू दाबायचा प्रयत्न अगदीच कच्चा... हा अनसिंगचा ऋषिकेश. आणि घोडा म्हणजे त्याचा कप्तान. पुण्याच्या रेसकोर्सनं म्हातारा म्हणून काढून टाकलेला, पण कामरगावच्या जत्रेतली शर्यत सलग तीन वर्षं मारणारा.

सगळा घोळ त्यानंच झाला होता. शर्यतीवर गाव नारळांची पैज लावतं. पण कप्तानवर नारळ लावायला सगळे तयार, विरुद्ध लावायला कोणी नाही. एकट्यानं कुठे पैज लागते? यंदा दुसरे मालक घोडेच आणेनात. पंच शर्यत बंद करायला निघाले, तेव्हा राखीचे वडील जगदेव मध्ये पडले. वीस वर्षं त्यांनी पुण्याच्या तबेल्यात घोडे सांभाळले होते. तिकडे जोरदार घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात, म्हणाले, म्हणजे सगळ्यांना सारखी संधी. आणि कोणाला किती द्यायचं ते माझी पोरगी वहीत लिहून ठरवेल, तिची नजर माझ्याहून पक्की. पंच हसले. ठीक आहे, म्हणाले, पण कप्तान पुन्हा जिंकला तर शर्यतही बंद आणि पोरीची वहीही बंद.

"वजन ठरवून राह्यली," राखी म्हणाली. "घोडा तुमचा होय का?"

ऋषिकेशला राग यायला हवा होता. तो शेजारी उकिडवा बसला आणि विचारतच सुटला. नळी गरम लागली तर काय? कान मागे पाडले तर काय? घाम आधी कुठे येतो? राखीला बघायला येणारी मंडळी पुरणपोळी जमते का विचारून जात. याला घोड्याचा श्वास कसा मोजायचा ते हवं होतं. तिनं त्याचा हात धरून कप्तानच्या बरगड्यांवर ठेवला... आणि स्वतःच मोजायचं विसरली.

"किती झाले?"

"पुन्हा मोजा लागंल."

"मोजा ना. मले कुठं जायचं हाय?"

दुपारी तिनं वहीत कप्तानपुढे बारा किलो लिहिलं. मग बराच वेळ पेन चावलं. डावा पाय जरा आखडतो, असं मनाला समजावून बारा खोडलं आणि दहा केलं. पाय मुळीच आखडत नव्हता. राखीला घोड्याचा मालक आवडला होता, एवढीच गोष्ट होती, आणि ती तिला चांगली ठाऊक होती.

दुसऱ्या दिवशी अडत दुकानातल्या काट्यावर घोड्यांच्या पाठीवर बांधायच्या वाळूच्या पिशव्या मोजल्या गेल्या. मालकांनी वहीत आपापल्या आकड्यापुढे सह्या केल्या. सही करताना ऋषिकेशचं पेन क्षणभर थांबलं. त्यानं राखीकडे पाहिलं आणि सही केली.

यंदा हेमसिंगच्या चांदणी घोडीवरही नारळ लागले. घोडे सुटले. राखीला कप्तान जिंकावा असं वाटत होतं, जिंकू नये असंही. शेवटच्या बांधाशी दोघं बरोबरीला आले आणि चांदणीनं मानेच्या अंतरानं शर्यत मारली. गाव नाचायला लागलं. शर्यत चालू राहील आणि वहीही, असं पंचांनी तिथंच सांगून टाकलं.

जगदेवांनी मात्र तबेल्याचा नियम सोडला नाही. पळून आल्यावर पुन्हा वजन. चांदणीची पिशवी बरोबर भरली, कप्तानची भरली बारा किलो. पंच चक्रावले, वजन चोरणारे त्यांनी बाजारात पाहिले होते, वाढवणारा हा पहिलाच. जगदेवांनी वहीतली खाडाखोड पाहिली, मग मुलीकडे पाहिलं. जास्त वजनाला दंड नसतो, एवढंच बोलून त्यांनी वही मिटून तिच्या हातात दिली.

ऋषिकेश कप्तानला पाणी पाजत होता.

"कायले टाकली वाळू?" राखीनं विचारलं.

"सही करतानी खोडलेलं दिसलं."

"जिंकले असते तुमी."

"असतो. मंग तुह्या वहीले कोणी इचारलं असतं?" तो बादलीकडेच बघत होता. "एक समजलं नाई. कप्तानचा पाय तं चांगला हाय. दोन किलो काहून कमी केले?"

खोटं बोलावं असं राखीच्या जिभेवर आलं होतं. पण पाय चांगला आहे हे ज्याला ठाऊक, त्याच्याशी काय खोटं बोलायचं?

"कप्तानसाठी नव्हते केले."

त्यानं बादली खाली ठेवली. कप्तान निवांत पाणी पीत राहिला.

"पुढच्या वर्षी पंधरा दे," ऋषिकेश म्हणाला. "अन् रविवारी... आईले घेऊन येऊ का? तुह्या बाबांले भेटाले."

राखीनं वही उघडली, दहा खोडलं आणि पुन्हा बारा लिहिलं.

"दुपारून येजा," ती म्हणाली. "सकाळी बाबा वावरात असतात."