वरून आलेला दोर

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही. जे आईने सांगितलं आणि जे मुहिंदोकाकांनी देवाची शपथ घेऊन सांगितलं, तेवढंच लिहितेय.

जागा रुवेन्झोरीच्या डोंगरातली. आमच्या कासेसे गावाहून वर चार दिवसांच्या चालीवर, जिथे झाडं संपतात आणि नुसता खडक उरतो तिथली. फेब्रुवारी महिना होता. गुरुवार. दुपारचा एक वाजला होता.

हो, दुपारचाच. रात्र नव्हती.

माझ्या आईचं नाव कबुघो. गोष्टीपुरतं मीही तिला कबुघोच म्हणते.

कबुघो एका डोंगरसहलींच्या कचेरीत कामाला होती. पाहुण्यांच्या सहली ती आखायची. कुठल्या दिवशी कुठवर चालायचं, कुठल्या झोपडीत मुक्काम, हमाल किती, पीठ किती, बर्फावर किती तास. पंचवीस वर्षं तिने हेच केलं. पण ती स्वतः शेवटच्या झोपडीच्या वर कधी गेली नव्हती.

कारण वरच्या हिमनदीत तिचा मोठा भाऊ गेला होता.

थेंबो. आमच्या भागातला नावाजलेला वाटाड्या. त्या गुरुवारच्या एकोणीस वर्षं आधी दोन गोऱ्या पाहुण्यांना घेऊन तो वर गेला. सहल आठ दिवसांची होती. पाहुण्यांना विमान गाठायचं होतं, म्हणून कबुघोने ती सहा दिवसांत बसवली. थेंबो कागद हातात घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"दोन दिवस परत दे गं. डोंगर काय तुझं वेळापत्रक वाचतो?"

"दादा, साहेबांनी सांगितलंय. तू निमूट जा बरं."

तो निमूट गेला.

आठव्या दिवशी मासेरेका पाहुण्यांना घेऊन खाली आला. मासेरेका म्हणजे थेंबोच्या हाताखालचा वाटाड्या. त्याने सांगितलं... थेंबो बर्फाच्या भेगेत पडला. दोर तुटला. जागच्या जागी संपला.

वर वादळ होतं. आठवडाभर कुणाला चढता आलं नाही. मग माणसं गेली, मासेरेकाने दाखवलेल्या भेगेत दिवे सोडले, हाका मारल्या. काही सापडलं नाही.

पुढे मासेरेका सगळ्या वाटाड्यांचा मुख्य झाला.

आणि बर्फ वितळत गेला. दरवर्षी थोडा, मग दरवर्षी खूप. आता वर जेमतेम एक तुकडा उरलाय. कचेरीने त्याचीच सहल काढली. फलकावर लिहिलं, 'शेवटचा बर्फ. संपण्याआधी बघून घ्या.'

त्या सहलीची आखणी कबुघोकडे आली.

"कागदावर तास तू लिहितेस आणि पाहुण्यांच्या शिव्या मी खातो," मासेरेका म्हणाला. "एकदा वर चल. तुझ्या 'दोन तास, सोपी चढण'मध्ये गुडघे कसे वाजतात ते बघ."

"माझ्या गुडघ्यांना तुझ्या पोटाएवढं ओझं नाहीये."

तो खो खो हसला. ती खरंच येईल असं त्याला वाटलं नव्हतं.

ती गेली.

गुरुवारी सकाळी ते शेवटच्या झोपडीतून निघाले. कबुघो, मासेरेका आणि ओझं घेतलेले मुहिंदोकाका. काका साठीला टेकलेले. निघताना त्यांनी बुंडूचा, म्हणजे कसावा कंदाच्या पिठाच्या उकडीचा, एक घास आणि सुक्या मासळीचा तुकडा दगडावर ठेवला.

"कुणासाठी, काका?"

"वरच्यांसाठी. तू तुझ्या कागदात लिहू नको म्हणजे झालं."

वाट फुटली तिथे मासेरेका थांबला.

"पलीकडून जाऊ. तासभर जास्त लागेल, पण पायाखाली बरं आहे."

"पाहुण्यांना कुठून नेणार आहेस?"

"घळीतून."

"मग मला पलीकडून कशाला? मला तीच वाट मोजायचीय."

मासेरेकाने घळीची वाट धरली. काका तिच्या कानाशी येऊन पुटपुटले, "सहा वर्षं झाली घळीची वाट उघडून. सगळ्यांना पाठवतो. स्वतः एकदाही गेला नाही."

घळ म्हणजे दोन कड्यांमधली फट. पूर्वी ती हिमनदीने काठोकाठ भरलेली असायची. आता नुसते दगड. डावीकडच्या कड्यावर जुन्या बर्फाची खूण दिसत होती. खाली खडक फिकट, वर काळा. ती रेषा चार पुरुष उंचीवर होती.

कबुघोने मान वर करून बघितलं. माझा भाऊ तिथून चालायचा, तिच्या मनात आलं. एवढ्या उंचावरून. माझ्या डोक्यावरून.

मग धुकं आलं.

रुवेन्झोरीत धुकं काही नवं नाही. पण हे खालून चढलं नाही. वरून खाली बसलं, झाकणासारखं. मासेरेका दहा पावलांवर होता, तो नुसती सावली झाला. काका मागे राहिले.

आणि थेंबांचा आवाज थांबला.

त्या घळीत सगळीकडून पाणी टपकत असतं. सकाळपासून ते कानात होतं. ते एकदम बंद पडलं. इतकं शांत, की तिला स्वतःच्या गिळण्याचा आवाज आला.

मग...

टक्.

टक्. टक्.

बर्फात पायरी कापताना कुऱ्हाड वाजते तसा. आमच्या घरात तो आवाज कुणाला ओळखू येणार नाही?

"मासेरेका, पुढे कुणी आहे का?"



टक्. टक्.

तो आवाज पुढून येत नव्हता. मागूनही नाही...

वरून येत होता.

तिच्या डोक्यावरून. जिथे नुसती हवा होती तिथून.

तिच्या टोपीवर काहीतरी पडलं. मग खांद्यावर. तिने हातात घेऊन बघितलं. बर्फाची कपची. ताजी कापलेली, धारदार. त्या घळीत सहा वर्षं मुठीएवढाही बर्फ नव्हता.

मग पावलं. बुटांना बांधलेल्या लोखंडी काट्यांची. कर्र... कर्र... सावकाश. कुणीतरी त्या जुन्या रेषेच्या उंचीवर चालत होतं.

ती पळत मासेरेकाजवळ गेली. तो मान वर करून उभा होता. तोंड उघडं. गालांवरून पाणी वाहत होतं.

"थेंबो..." तो म्हणाला.

पावलं त्यांच्या बरोबर वर येऊन थांबली.

आणि धुक्यातून दोर खाली आला.

जाड दोर. गारठून काठीसारखा ताठ झालेला. त्याचं टोक दोघांच्या मध्ये येऊन हळूहळू डुललं.

वरून कुणीतरी विचारलं, आमच्याच भाषेत, अगदी शांतपणे...

"बांधलंस का?"

मासेरेकाचे हात आपोआप हलले. त्याने दोर काखेतून घेतला, छातीशी गाठ मारली. आयुष्यभर मारत आलेली गाठ. आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

"मी येणार होतो. देवाशपथ, मी परत येणार होतो रे..."

"काय बोलतोयस?" कबुघोने त्याचं जाकीट धरलं. "कुठे परत येणार होतास? मासेरेका! तो तर जागच्या जागी..."

"बांधलं," मासेरेका वर बघून ओरडला.

दोर तीनदा हिसकला.

जाकीट तिच्या मुठीतून निसटलं... वरच्या दिशेने. बूट खडकावर घासत गेल्याचा आवाज आला. मग तोही बंद झाला.

यानंतर काय झालं ते कबुघोने तेव्हा कुणालाच सांगितलं नाही.

मुहिंदोकाका पोहोचले तेव्हा ती कड्याकडे तोंड करून बसली होती. दोन्ही कानांवर हात घट्ट दाबलेले. काकांनाही टक् टक् ऐकू आली होती. हमालांना ती नवी नव्हती. ते म्हणायचे, दगड सुटतात. आपसात मात्र तसं म्हणायचे नाहीत.

अर्ध्या तासाने धुकं उठलं. पाणी पुन्हा टपकायला लागलं.

वर कुणीतरी खोकलं.

जुन्या बर्फाच्या रेषेवर कड्यात एक कपार होती. ओट्याएवढी. खालून ती दिसायची नाही, त्या दिवशी एक बूट बाहेर लोंबत होता म्हणून कळलं. घळीच्या तोंडाशी कचेरीची लोखंडी शिडी लावलेली होती. ती काकांनी आणि कबुघोने ओढत आणली. शिडी कशीबशी टेकली.

"मी जातो," काका म्हणाले.

"नको. मी जाते."

कपारीत मासेरेका पाठ टेकून बसला होता. अंगावर एक ओरखडा नाही. छातीला दोर नाही. डोळे उघडे, पण कुठेच बघत नसलेले.

आणि त्याच्या शेजारी आणखी कुणीतरी बसलं होतं.

हिरवा रेनकोट. रंग उडालेला. कबुघोने तो ओळखला, कारण माप बघून तिनेच मागवला होता. आतलं जे होतं, ते थंडीने जपून ठेवलेलं होतं. ते मी लिहीत नाही. उजवा पाय मोडलेला होता. आधार म्हणून बर्फाची कुऱ्हाड पायाला बांधलेली, बुटाच्या नाडीचे वेढ्यावर वेढे देऊन.

एकोणीस वर्षं तो तिथेच होता. त्या वेळी कपार बर्फाच्या पातळीवर होती, तो सरपटत आत शिरला. मग बर्फ खाली उतरत गेला आणि तो वर राहिला. सहा वर्षं सहली त्याच्या खालून गेल्या. डबे खाऊन, फोटो काढून.

रेनकोटच्या खिशात प्लास्टिकची पिशवी होती. पिशवीत सहलीचा कागद. कबुघोच्या अक्षरातला. सहा दिवस, सहा ओळी.

त्याखाली थेंबोने पेन्सिलीने सहाव्या दिवसापासूनचं पुढचं लिहिलं होतं.

'दिवस ६. मासेरेका भेगेत पडला. वर ओढला. माझा पाय गेला. दोर घेऊन तो पाहुण्यांना खाली नेतोय. उद्या माणसं आणेल.

दिवस ७. वादळ. उद्या.

दिवस ८. वादळ. मासेरेका हुशार आहे, येईल.

दिवस ९. कबुघोला सांगा, तिची चूक नाही.'

इथवर वाचून ती थांबली. पुढे अजून एक ओळ होती. अक्षर लहान मुलासारखं वाकडंतिकडं.

'दिवस १०. कुणीतरी पायऱ्या कापतंय. आले. दोर सोडला त्यांनी.'

दहाव्या दिवशी त्या डोंगरावर कुणीही नव्हतं. वर माणसं गेली ती चौदाव्या दिवशी. आणि तीही हिमनदीच्या दुसऱ्या टोकाला, कारण मासेरेकाने भेग तिथली दाखवली होती. आपल्याला सोडवताना मुख्य वाटाड्याचा पाय मोडला आणि आपण त्याला टाकून आलो, हे सांगितलं असतं तर त्याला परत कुणी काम दिलं नसतं. एवढंच कारण. तो मेलाय म्हणून सांगितलं की कुणी घाई करत नाही.

थेंबोला खाली आणून पुरलं. बकरी कापली, जे करायचं ते सगळं केलं. कबुघोने तो कागद थेंबोच्या बायकोला वाचून दाखवला. ती बाई इतकी वर्षं एकाच गोष्टीवर जगली होती, की नवरा लगेच गेला, त्याला त्रास झाला नाही.

ऐकून ती म्हणाली, "मला का सांगितलंस?"

त्या दिवसापासून ती आमच्या घरची पायरी चढलेली नाही.

मासेरेकाने काहीच नाकारलं नाही. काही कबूलही केलं नाही. तो बोलतच नाही. दारात खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याची बायको सांगते, दुपारी ताट वाढलं की कधीकधी घास हातात तसाच ठेवून मान वर करतो आणि म्हणतो, "बांधलं."

कबुघोने नोकरी सोडली. कचेरीने दुसरी मुलगी ठेवली. सहल चालू आहे. नव्या कागदात कपारीपाशी पंधरा मिनिटांचा थांबा टाकलाय, फोटोंसाठी.

हे सगळं होऊन दोन वर्षं झाली. परवा वाटाणे सोलत बसलो होतो, तेव्हा मी आईला विचारलं. मासेरेका वर गेल्यावर आणि काका येईपर्यंत घळीत काय झालं?

तिचे हात थांबले.

"दोर परत खाली आला," ती म्हणाली. "माझ्या तोंडासमोर. बांधलंस का, म्हणून विचारलं. तीनदा विचारलं."

"आणि तू?"

"मी कान झाकले."

मी म्हटलं, "आई, घाबरायचं काय त्यात? मामाच होता ना. तुला न्यायला... म्हणजे, माफ करायला आला असेल."

आईने माझ्याकडे बघितलं. एवढी मोठी होऊनही मला इतकं साधं कसं कळत नाही, तसं.

"सत्तावीस वर्षं मी दादाचा आवाज ऐकलाय, मासिका," ती म्हणाली. "तो दादा नव्हता."