ताठ बसलेला ड्रायव्हर

शर्यतीच्या गाडीला दार नसतं. खिडकीतून आधी पाय घालायचे, मग कंबर, मग उरलेला माणूस. त्यामुळे जानेवारीतल्या त्या सकाळी डेलिया हफस्टेट्लरला ग्रेडी सिग्मन पहिल्यांदा भेटला तो पायांकडून.

ती गाडीत आडवी पडून सीटच्या पट्ट्यांची मापं घेत होती. सीट अजून बसवलेली नव्हती, आत नुसता लोखंडी सांगाडा होता. तेवढ्यात खिडकीतून दोन मळके बूट आत आले, त्यातला एक सरळ तिच्या खांद्यावर टेकला, आणि वर कुणीतरी मोठ्या समाधानानं सुस्कारा सोडला.

"पाय काढा," डेलिया म्हणाली.

बूट जागच्या जागी थबकले.

"आत... कुणी आहे का?"

"नाही. गाडीच बोलतेय. पाय काढा."

पाय भराभर बाहेर गेले आणि त्यांच्या जागी एक चेहरा आला. उन्हानं रापलेला, नाक एकदा कधीतरी मोडून पुन्हा जुळलेलं, आणि कान लालबुंद.

"माफ करा हं, मॅडम. मला वाटलं, इतक्या सकाळी कुणी नसेल. मला फक्त एकदा बसून बघायचं होतं."

"कशावर? सीट कुठाय?"

त्यानं आत डोकावून नीट पाहिलं. "ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही."

डेलियाला हसू आवरेना. गाडीत आडवं पडून हसलं की डोकं लोखंडाला आपटतं, तसं ते आपटलंही.

"म्हणजे तुम्ही ग्रेडी सिग्मन. अलाबामाचे."

"हो. आणि तुम्ही?"

"मी तुमची सीट बनवणार आहे. पुढच्या वेळी आधी हाक मारा, मग पाय घाला."

मूर्सव्हिलात, आमच्या या शर्यतींच्या गावात, जानेवारी म्हणजे लग्नघर. फेब्रुवारीत डेटोनाला हंगामातली पहिली शर्यत, आणि त्याआधी गावातल्या प्रत्येक टीमच्या अंगणात धांदल. थंडीत बोटं गोठत असतात आणि चाकं बदलणारी पोरं तेच चाक काढतात, तेच लावतात, पुन्हा काढतात. पत्रेवाले एकाच पत्र्यावरून तळहात फिरवत राहतात. डोळ्यांना दिसत नाही ते त्यांच्या हाताला कळतं. टीव्हीवर दिसतो तो ड्रायव्हर, पण खोटं कशाला बोलू, मला या माणसांचंच जास्त कौतुक वाटतं. डेलिया त्यांच्यातली होती. टीमचा चीफ ऑरिन यॉन्ट हा तिचा सख्खा मामा. जुना सीटवाला निवृत्त झाला आणि ती जागा डेलियाला मिळाली, तेव्हा 'मामा आहे म्हणून लागली' असं कुजबुजणारे बरेच निघाले. ते तिच्या कानावर आलेलं होतं. म्हणून ती सगळ्यांच्या आधी येई आणि सगळ्यांच्या नंतर जाई.

दुसऱ्या दिवशी ग्रेडी आला तो हातात गरम कागदी पिशवी घेऊन.

"खांद्यावर पाय ठेवल्याबद्दल," तो म्हणाला. "उकडलेल्या शेंगा. आमच्या गावच्या."

डेलियानं पिशवी हिसकावून पाठीमागं लपवली. "वेड लागलंय का तुम्हाला? गॅरेजमध्ये शेंगा? मामानं बघितलं तर तुम्हाला आणि मला दोघांनाही हाकलेल."

"टरफलाची शेंग अपशकुनी, ते ठाऊक आहे मला. पण भाजलेली ना? मला वाटलं, उकडलेली चालते."

"टरफल आहे ना तिला? मग नाही चालत. चला बाहेर."

बाहेर पाऊस होता. पाणी राहायचं की बर्फ व्हायचं, हे न ठरलेला तो आमच्याकडचा जानेवारीतला पाऊस. दोघं धावत जाऊन ग्रेडीच्या जुन्या ट्रकमध्ये बसली. काचा वाफेनं भरल्या, मांडीवर टरफलांचा ढीग साठला, आणि 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"तू काल सकाळी सकाळी गाडीत का शिरत होतास? खरं सांग."

ग्रेडीनं शेंग सोलली, पण खाल्ली नाही. "कारण ती माझी होईल की नाही, ठाऊक नाही. मी एकतीस वर्षांचा आहे, डेलिया. लहानपणापासून मातीच्या ट्रॅकवर गाड्या पळवतोय. आठवडाभर वेल्डिंग करायचं, शनिवारी शर्यत. या वयात कुणी मोठ्या गाडीत बसवत नाही. व्हर्लीनबाईंनी बोलावलं, तेच नवल."

व्हर्लीन क्लोनिंजर या टीमच्या मालकीणबाई. नवरा गेल्यावर टीम विकून टाक म्हणणाऱ्यांना त्यांनी दाराबाहेरचा रस्ता दाखवला होता.

"मग अडचण काय?"

"तो कॅसन व्हिटलो. वीस वर्षांचा, मागं बापाची कंपनी. त्यानं गेल्या आठवड्यात चाचणी दिली. बाईंनी मला स्पष्ट सांगितलंय, त्याच्या वेळेपेक्षा तुझी वेळ चांगली आली तर गाडी तुझी. नाहीतर घरी जा. आणि घरी गेलो की संपलं. दुसऱ्यांदा कुणी बोलावणार नाही."

त्याच्या बोलण्यात कुरकुर नव्हती. हवामान सांगावं तसं सांगितलं त्यानं. डेलियाला त्याचंच फार वाटलं, आणि आपल्याला इतकं का वाटतंय म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"सीट मी अशी बनवीन," ती म्हणाली, "की गाडी तुझ्या अंगाला शिवल्यासारखी वाटेल."

ड्रायव्हरची सीट विकत आणून बसवत नाहीत, ती त्याच्या अंगावर घडवतात. एका मोठ्या पिशवीत थर्माकोलसारखे बारीक दाणे घालायचे, त्यात चिकट रसायन ओतायचं, पिशवी सीटच्या सांगाड्यात ठेवायची आणि ड्रायव्हरला त्यावर बसवायचं. मग पंपानं हवा ओढून घेतली की दाणे त्याच्या पाठीला, बरगड्यांना, कंबरेला बिलगत जातात आणि तसेच कडक होतात. तोवर माणसानं हलायचं नाही. जसा बसला तशी सीट, मग ती जन्माची.

"गाडी चालवताना बसतोस तसा बस," डेलियानं सांगितलं.

ग्रेडी बसला. तिनं पंप सुरू केला आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"काही बोललो तर चालेल का?"

"ओठ हलव. बाकी काही नाही."

"तू अशीच बघत राहणार आहेस?"

"माझं कामच आहे ते."

"बरं काम आहे."

"श्वास घेतोयस ना, ग्रेडी?"

"...थोडा थोडा."

तिच्या गालावर रसायनाचा एक थेंब वाळला होता. तो पुसायला त्याचा हात उचलला गेला, आणि ती ओरडली, "हलू नकोस," आणि मग दोघंही हसू दाबत एकमेकांकडे बघत राहिली. दाणे कडक झाले. सीट तयार झाली. डेलियाला वाटलं, इतकं सुबक काम आपल्या हातून आजवर झालेलं नाही.

चाचणीसाठी टीमनं डोंगराच्या पायथ्याचा जुना अर्ध्या मैलाचा ट्रॅक दिवसभर भाड्यानं घेतला होता. सकाळी ग्रेडी गाडी घेऊन सुटला आणि पहिल्या काही फेऱ्यांत ऑरिनमामाची भुवई वर गेली. पोरगं वळणात गाडी अशी सोडत होतं की बघत राहावं. पण मग वेळ घसरायला लागली. फेरीगणिक थोडी, आणखी थोडी.

"काय होतंय?" मामानं रेडिओवर विचारलं.

"काही नाही, चीफ. सगळं ठीक आहे."

डेलिया ट्रॅकच्या कडेच्या भिंतीपाशी उभी होती. तिला त्याचा आवाज ऐकू आला, आणि त्यातलं 'ठीक' तिला अजिबात आवडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत गाडी थांबली तेव्हा ग्रेडी खिडकीतून बाहेर आला तो अर्धा अर्धा, एक हात बरगडीवर ठेवून.

"कुठं दुखतंय?"

"कुठंच नाही."

"पुन्हा आत बस."

"डेलिया, जेवू तर दे..."

"आत बस म्हटलं ना."

तो बसला. तिनं खिडकीतून हात घालून त्याच्या पाठीमागं सरकवला. कंबरेपाशी तिची अख्खी मूठ आत गेली. वर खांद्याच्या पात्यापाशी मात्र बोटही शिरेना. तिथं सीट त्याला दर वळणाला टोचत होती.

"ही सीट तुझी नाहीच. ही कुणातरी दुसऱ्या माणसाची आहे. सकाळपासून सहन करतोयस? बोलला का नाहीस?"

ग्रेडी समोर बघत राहिला. "बोललो असतो तर चीफनं विचारलं असतं, सीट कुणी बनवली."

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती गाडी हा माणूस घालवून बसणार होता, आणि तेही तिच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. तिचे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी रागही आला. ती वळली आणि तडक मंडळी जेवत होती तिथं गेली.

"मामा, सीट चुकलीय. माझी चूक आहे. त्याचा दोष नाही."

सगळ्यांचे हात थांबले. मामानं डुकराच्या मटणाचा पाव खाली ठेवला. कुणीतरी दुसऱ्याला कोपर मारलं, ते डेलियानं बघितलं. व्हर्लीनबाईंनी चहाचा पेला टेबलावर टेकवला आणि वाट बघत बसल्या.

"तिची नाही." ग्रेडी बरगडी धरून मागोमाग आला होता. "चूक माझी आहे. मी... सीट ओतताना मी ताठ बसलो होतो."

"ताठ म्हणजे?" मामा म्हणाला.

"म्हणजे छाती पुढं काढून. पोट आत घेऊन." त्याचे कान पेटले होते, पण तो थांबला नाही. "ती समोर उभी राहून बघत होती, चीफ. अशी मुलगी बघत असताना कुबड काढून कोण बसेल?"

मग चाकवाल्या पोरांतून एक जण असा खिंकाळला की पाठोपाठ सगळा अड्डाच हसत सुटला. मामाला भाचीसाठी रागवावं की हसावं हे ठरवता येईना, म्हणून त्यानं टोपी डोळ्यांवर ओढून घेतली.

व्हर्लीनबाई मात्र हसल्या नाहीत. "चाळीस वर्षं झाली मला या धंद्यात," त्या म्हणाल्या. "हरलेल्या ड्रायव्हरांनी इंजिनाला नावं ठेवली, टायरला ठेवली, वाऱ्यालाही ठेवली. स्वतःच्या पोटाला बोल लावणारा हा पहिलाच. डेलिया, दुपारच्या फेऱ्यांपर्यंत सीट दुरुस्त होईल?"

"होईल, बाई. फक्त यानं आहे तसं बसायला हवं."

तिनं धारदार सुरी घेतली, फोमचे तुकडे घेतले, चिकटपट्टी घेतली आणि ग्रेडीला सांगितलं, "डोळे मीट. आणि गाडी चालव. मनातल्या मनात."

त्यानं डोळे मिटले. हात स्टिअरिंगवर गेले. पहिल्या वळणालाच त्याचा डावा खांदा खाली उतरला, पाठीला बाक आला, मान तिरकी झाली, पोट सुटून निवांत पुढं आलं. इतक्या वर्षांच्या मातीनं, धक्क्यांनी, आठवडाभराच्या वेल्डिंगनं घडवलेला माणूस तिच्यासमोर बसला होता. दिसायला काही रुबाबदार नव्हता तो तसा. पण सुरी हातात धरून बघताना डेलियाला पक्कं कळलं की आपण याच्यावर प्रेम करतो, याच वाकड्या माणसावर. मग तिनं कापायला सुरुवात केली, कारण दुपार कुणासाठी थांबत नसते.

दुपारी ग्रेडीनं गाडी चालवली ती ज्यांनी बघितली ते अजून सांगतात. गाडी वळणात शिरायची आणि बाहेर निघायची, मध्ये काही झालंच नाही असं वाटायचं. कॅसनची वेळ मोडली, मग त्यानं स्वतःची मोडली. रेडिओवर त्याचा आवाजही आला नाही, एवढा तो मजेत होता. व्हर्लीनबाई खुर्चीतून उठल्या, हातमोजे चढवले आणि जाता जाता म्हणाल्या, "ऑरिन, खिडकीवर नाव लावून टाका त्याचं."

मामानं टोपी काढून डोकं खाजवलं. त्याचा आनंद तसाच असतो.

गाडी ट्रेलरवर चढवायची गडबड चालू होती. भुरभुर पाऊस पुन्हा सुरू झाला होता. डेलिया भिंतीवर बसून हाताला चिकटलेला फोम खरवडत होती. ग्रेडी येऊन शेजारी बसला.

"सगळ्यांसमोर बोललो. रागावलीस?"

"रागावले."

"अजून?"

"बघू."

"आता नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी शर्यत, म्हणजे रविवार काही आपले नाहीत. पण सोमवार असतात. या सोमवारी... माझ्याबरोबर जेवायला येशील?"

"आधी एक ऐकून घे. मग विचार."

"काय?"

डेलियानं बोटावरचा फोम सोडून दिला. "तू आज खोटं बोललास. चूक तुझी म्हणालास. अरे, ताठ बसणारा ड्रायव्हर काय तू पहिला आहेस? सगळेच बसतात. म्हणून तर सीटवाल्यानं मागं उभं राहायचं असतं. मागून पाठ बघितली की लगेच कळतं, हा सोंग करतोय. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"मग?"

"मग काय. मी सबंध वेळ समोर उभी होते."

ग्रेडी तिच्याकडे बघत राहिला. पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर साचत होते आणि तो ते पुसतही नव्हता.

"समोरून..." तो हळूच म्हणाला, "समोरून काय बघत होतीस?"

"तुला," डेलिया म्हणाली. "दुसरं काय बघणार होते?"