रांजणाखालचा दगड

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण माझी रंभाआत्या खोटं बोलणारी बाई नव्हती, आणि हे तिच्या डोळ्यांसमोर घडलंय. तेही दिवसाढवळ्या.

साल १९५६. धानोऱ्याच्या पुढं, जंगलात एक बोर्डिंगची शाळा होती. गोंडांची पोरं तिथं शिकायला ठेवलेली. आत्या स्वयंपाकाला होती. विधवा बाई. नोकरी गेली तर घरची चूल बंद.

अधीक्षक होते गुणवंतराव. मेल्याला दया कशी ती ठाऊक नव्हती. त्यांचा नियम एकच. गोंडी बोलायची नाही. जे हवं ते मराठीत मागा, नाही तर उपाशी राहा.

चैतात त्यांनी शाळेतल्या पाण्याच्या रांजणाखाली ठेवायला एक चपटा दगड आणवला. गावाबाहेरच्या उभ्या दगडांतला.

दुसऱ्या दिवशी गावातला म्हातारा गोंड, सुकलू, आला. हात जोडून उभा राहिला.

"भाऊ, तो माह्या बापाचा दगड हाय. मेलेल्याच्या नावानं आमी दगड उभा करतो. तो खूश असला तं दगड वाढते. कोपला तं जमिनीत जाते. वापस द्या."

गुणवंतराव हसले. त्याला फाटकाबाहेर हाकलून दिलं.

त्या दिवसापासून दगड खचायला लागला...

रोज बोटभर.

सुकलूचा नातू कोलू त्याच शाळेत होता. सात वर्षांचं पोर, नुकतंच आलेलं. त्याला ताप भरला. दुपारी रांजणापाशी येऊन म्हणाला, "येर."

येर म्हणजे पाणी. जंगलात कोणाला ठाऊक नाही? गुणवंतरावांनाही ठाऊक होतं.

"पाणी म्हण. मग मिळेल."

पोराची जीभ वळेना. संध्याकाळी मोठी पोरं त्याला गुपचूप नाल्यावर नेऊन पाजायची, म्हणून तो तगला.

आत्या दोन दुपारी पाण्यानं भरलेला गडवा हातात घेऊन उभी राहिली. जीव तुटत होता तिचा. पण हात पुढं झाला नाही.

तिसऱ्या दुपारी कोलू रांजणापाशीच कोसळला.

आणि दगडाखालून आवाज आला...

घट्... घट्... घट्...

कोणीतरी पाणी पीत होतं.

कोलूनं दगडाला कान लावला. हळू आवाजात काहीतरी बोलला. आवाज थांबला.

आत्यानं गडवा भरला आणि त्याच्या तोंडाला लावला. "पी, बाबा."

गुणवंतराव धावत आले. "उद्यापासून कामावर येऊ नको..."

पुढचे शब्द निघेनात. त्यांनी गळा धरला. ओठ हलले.

"येर."

आत्यानं रांजणात गडवा घातला. कोरडा! आत्ताच तर काठोकाठ होता. तिनं खांद्यापर्यंत हात घातला. तळाला धूळ लागली.

नाल्याचं पाणी आणलं. त्यांच्या ओठांपर्यंत येईतो गडवा रिकामा व्हायचा. शेवटी बैलगाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं. वाटभर एकच शब्द. पुढं त्यांचं काय झालं, कोणीच सांगितलं नाही.

सुकलूनं दगड खणून काढला आणि जागेवर नेऊन उभा केला. कोलू वाचला.

आत्या आपल्या गावी, पोंभुर्ण्याला परतली. तिच्या दारात कोणी आलं की न विचारता पाणी पुढं करायची. आम्ही हसायचो.

पण तिच्या घरचा रांजण चैतात, लागोपाठ दोन दुपारी, आपोआप कोरडा पडायचा. दर वर्षी.

"दोनच दिवस," ती म्हणायची. "मी दोनच दिवस उभी होती ना."

आत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. तो रांजण आता आमच्या घरी आहे...

चैत लागलाय. काल दुपारी तो कोरडा होता.